पहाटे तीनला उठणारे आजोबा

अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांना सगळे नुसतं 'व्हीए' म्हणतात. तिथे नर्स म्हणून यायचं असेल तर सिटिझनशिप बहुतेक वेळा लागतेच. लायसन्स मात्र कुठल्याही राज्याचं चालतं. मुलाखतीची तयारी करून घेणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचंय ते वॉर्डातून निघून जाणाऱ्या पेशंटबद्दल. ओरिएंटेशनमध्ये हा विषय घाईघाईत उरकतात आणि पहिल्याच नाइटला तो अंगावर येतो.

माझी ड्यूटी सीएलसीत, म्हणजे व्हीएच्याच नर्सिंग होममध्ये. निम्म्याहून जास्त आजोबांना डिमेन्शिया. दुसऱ्या महिन्यात एकदा दाराचा अलार्म वाजला. मला वाटलं, कपड्यांची ट्रॉली गेली असेल. कोड दाबला, आवाज बंद केला आणि औषधं द्यायला वळले. थोड्या वेळाने एक खाट रिकामी दिसली. आजोबा जिन्याच्या वळणावर भिंतीला टेकून बसले होते, अनवाणी, अंगात फक्त गाऊन. आणखी एक मजला उतरले असते तर बाहेर जानेवारीचा बर्फ होता. तेव्हापासून माझा नियम ठरला: आधी डोकी मोजायची, मग अलार्म बंद करायचा.

आता एक फरक समजून घ्या, इथे नवीन लोक हमखास गोंधळतात. व्हीएच्या आवारात २०१९ पासून धूम्रपान बंद आहे, म्हणून काही मंडळी सिगारेट ओढायला रस्त्यापलीकडे जातात. असा पेशंट पूर्ण भानावर असेल, स्वतःचे निर्णय घेऊ शकत असेल, तर त्याला समजवायचं, डॉक्टरांना कळवायचं. हात धरून अडवायचं नाही. पण ज्याला भान नाही, ज्याचा कायदेशीर पालक नेमलेला आहे किंवा ज्याच्याकडून स्वतःला वा इतरांना धोका आहे, तो दिसेनासा झाला की 'येईल परत' म्हणत थांबायचं नाही. लगेच चार्ज नर्सला, म्हणजे त्या शिफ्टच्या मुख्य नर्सला सांगा. आधी आपला वॉर्ड: बाथरूम, लिनन रूम, पडद्यामागे, शेजाऱ्याच्या खाटेवरसुद्धा. मग अख्खी इमारत, आणि तरीही नाही सापडले तर व्हीए पोलिसांबरोबर नकाशावर चौकोन पाडून बाहेरचा परिसर. शेवटचं कोणी, किती वाजता पाहिलं आणि अंगात काय होतं, हे त्याच क्षणी लिहून ठेवा. नंतर आठवत नाही.

दाराजवळ गेलं की अलार्म वाजवणाऱ्या मनगटावरच्या सेन्सरपट्टीवर फार विसंबू नका. बॅटरी संपते, आणि पट्टी काढण्यात आमचे एक माजी मरीन सैनिक इतके वाकबगार की जेवणाच्या सुरीनेच काम भागवायचे. पट्टी चालू आहे का, हे दर शिफ्टला तपासा आणि हँडओव्हरला, म्हणजे शिफ्ट बदलताना, बूट कुठे ठेवलेत तेही सांगा. बूट घालून बसलेला माणूस निघायच्या तयारीत असतो. आपल्याकडेही संध्याकाळ झाली की 'घरी जायचंय' म्हणत पिशवी घेऊन दारात बसणारे आजोबा असतातच की.

आणि खाटेला बांधून ठेवायचा विचारसुद्धा नको. नियमात बसत नाही ते सोडा, बांधलेला माणूस सुटायला धडपडतो आणि पडतो.

मला खरं शिकवलं ते नौदलातल्या एका आजोबांनी. रोज पहाटे तीनला उठून दाराकडे. लघवीला नेलं, पाणी दिलं, टीव्ही लावला, कशानेच थांबेनात. चार्टमध्ये 'रात्री अस्वस्थ' एवढंच. शेवटी त्यांच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, 'डॅड जहाजावर कुक होते. तीनला उठून सगळ्यांचा नाश्ता करायचे.' म्हणजे इतके दिवस मी त्यांना कामावर जाण्यापासून अडवत होते!

दुसऱ्या दिवशी केअर प्लॅनमध्ये ते लिहून घेतलं. आता तीनला मी डायनिंग रूमचा दिवा लावते आणि त्यांच्यापुढे कापडी नॅपकिनचा ढीग ठेवते. ते एकेक घडी घालतात, कोपरे बोटाने दाबून, आणि मी जवळून गेले की विचारतात, 'किती जणांचं?' मी आकडा सांगते. चारच्या सुमाराला ढीग संपतो. मग मी तो आत नेऊन उलगडते आणि परत आणून ठेवते.