फवारूनही गोचीड परत येतात? आधी गोठ्याच्या भेगा बघा

दौंडकडचा आमचा गोठा. गाईंच्या कानात, कासेवर, शेपटीखाली गोचीड. फवारलं की गळायचे, महिन्याभरात पुन्हा हजर. उपटून झाले, निंबोळी तेल झालं, नुसता वैताग. एका संकरित गाईला थायलेरिया (गोचिडांतून पसरणारा आजार) झाला, तेव्हा डॉक्टरांनी टॉर्च मारून भिंतीतल्या भेगा दाखवल्या. एकेक मादी तिथं हजारो अंडी घालते.

मग गाई बाहेर बांधल्या. गव्हाणीखालचा कचरा काढून लांब जाळला. भेगांवर फ्लेम गन फिरवली (आधी चारा, वायरी हलवा), सिमेंटनं बुजवल्या, चुना मारला. त्याच संध्याकाळी, गाईंना पोटभर पाणी पाजून, १.२५ टक्के डेल्टामेथ्रिन (गोचीड मारायचं औषध) लिटरभर पाण्याला २ मिली, डोळे-तोंड सोडून सगळ्या जनावरांवर. मात्रा डॉक्टरांनीच ठरवली, दूध कधीपासून घालायचं तेही. १५ दिवसांनी गोठा आणि गाई पुन्हा एकाच दिवशी फवारल्या. बाजारातून आणलेली गाय आता आधी वेगळी बांधतो.