झाडांचं वर्णन लिहिताना या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की कोकणात वही-मोबाइल घेऊन झाडं ओळखायला निघणारे पुष्कळ भेटतात. हौस असते, डोळाही असतो. गाडी अडते ती शब्दांपाशी. संयुक्त पान, छद (फुलाजवळचं किंवा फुलोऱ्याजवळचं बदललेलं पान), श्वसनमूळ हे शब्द पाठ असतात, पण ते लावले जातात वरवरच्या रूपावरून. वनस्पतिशास्त्र अवयवाला नाव देतं ते तो कुठून उगवला हे बघून. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

सातविणीला संयुक्त पान म्हणणं

माझ्या पहिल्या वहीत सातविणीपुढे 'हस्ताकृती संयुक्त पान, सात पर्णिका' असं लिहिलेलं आहे आणि सावरीपुढेही तेच. त्या एका ओळीच्या भरवशावर मी वर्षभर कोवळ्या रोपांत घोटाळा करत राहिलो. शेवटी दोन्हींच्या डहाळ्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या.

सावरीला एक लांब देठ असतो आणि त्याच्या टोकाला पाच-सात पाती पंजासारखी फाकलेली असतात. हा देठ फांदीला मिळतो तिथे, काखेत, डोळा असतो. कलमं बांधणारे ज्याला डोळा म्हणतात तोच हा. पात्यांच्या बुडाशी मात्र डोळा सापडत नाही. म्हणून पाती म्हणजे पर्णिका आणि देठासकट ते सगळं मिळून एकच पान.

सातविणीत हा मधला लांब देठच नाही. प्रत्येक पान आखूड देठाने थेट डहाळीच्या पेरावर बसतं. चार ते सात-आठ पानांचं कडं होतं, डहाळी त्या कड्यातून वर निघते आणि पुढच्या पेरावर पुन्हा कडं. ही साधी पानं आहेत, त्यांची मांडणी तेवढी मंडलित. शिवाय सातविणीचं पान तोडलं की पांढरा चीक येतो, सावरीला येत नाही.

करंज, निर्गुडी, शेवगा, कुठलंही झाड असो, 'संयुक्त' लिहिण्याआधी डोळा शोधा. सापडत नसेल तर जरा जाड, जुनी डहाळी घ्या.

आकार लिहिताना रुंदी कुठे आहे ते न बघणं

ही चूक पटकन सुधारते. पान देठाकडे रुंद असेल तर अंडाकृती, टोकाकडे रुंद असेल तर व्यस्त अंडाकृती. काजूचं पान व्यस्त अंडाकृती असतं. सगळ्यालाच 'लंबगोल' लिहिलं तर त्या नोंदीचा पुढे काही उपयोग होत नाही.

रोपाच्या पानावरून मोठं झाड ठरवू नका. फणसाच्या कोवळ्या रोपाची पानं कधी कधी खाचा पडलेली असतात, मोठ्या झाडाची अखंड असतात. फणसाच्या शास्त्रीय नावातल्या 'हेटेरोफिलस' या शब्दाचा अर्थच निरनिराळ्या पानांचा असा आहे.

कांदळाला शेंगा येतात, असं लिहिणं

खाडीकाठी कांदळाच्या फांद्यांना हिरव्या लांब काठ्या लोंबताना दिसतात आणि वहीत 'शेंग' उतरते. ती चिरून बघा, आत एकही बी नाही. खरं फळ वर आहे, लहानसं तपकिरी. त्यातली बी झाडावर असतानाच रुजते आणि खाली लोंबतो तो रोपाचा कोंब. याला जरायुज अंकुरण म्हणतात. कुणी लावायला नेत असेल तर खालचं टोकदार टोक चिखलात जायला हवं, फळाकडची बाजू वर. शेंग समजून आडवी पुरू नका.

मुळांचीही अशीच गल्लत होते. कांदळाची कमानीसारखी उतरणारी ती आधारमुळं. खाडीतल्याच तिवराची चिखलातून पेन्सिलीसारखी वर येणारी ती श्वसनमुळं. चिपीचीही श्वसनमुळंच, पण बुडाशी जाड आणि वर निमुळती. पांढरी चिपी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे, तेव्हा निदान तिची नोंद तरी नीट व्हावी असं मला मनापासून वाटतं.

शेवळाचं खोड आणि शेवळाचं फूल

पहिल्या पावसात बाजारात जुड्या येतात, काकडं घालून भाजी होते ते शेवळ. आपण ज्याला फूल म्हणतो तो अख्खा फुलोरा आहे. मधला दांडा म्हणजे स्थूलकणिश. अगदी बारीक फुलं त्याच्या खालच्या भागात दाटीने बसलेली असतात. भोवतीचं वेष्टन पाकळी नव्हे, महाछद. फुलोरा सरला की त्याच जागी ठिपक्याठिपक्यांचा दांडा आणि वर छत्रीसारखा पसारा येतो. हा दांडा खोड नाही, देठ आहे. वरचा सगळा पसारा मिळून एक पान. खोड जमिनीत आहे, कंदाच्या रूपात. सुरणाचंही असंच.

फुलोरा आणि पान सहसा एकत्र दिसत नाहीत, म्हणून एकाच झाडाच्या दोन वेगळ्या नोंदी होतात. जूनमध्ये फुलोरा दिसला की शेजारच्या दगडावर चुन्याची खूण करा, फोटोत तो दगड येऊ द्या आणि तीन-चार आठवड्यांनी तिथेच परत जा.