सस्पेंड ऑर्डर हातात पडली, पुढे काय करायचं? (पोलीस शिपाई, हवालदार आणि त्यांच्या घरच्यांसाठी)

व्हॉट्सअ‍ॅपवर बातमी आधी फिरते आणि ऑर्डर नंतर येते, हे आपल्या खात्यात नेहमीचंच. त्यामुळे पहिलं काम म्हणजे ऑर्डरची प्रत हातात घ्या, सही करताना तारीख आणि वेळ स्वतःच्या अक्षरात टाका आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. पुढचा सगळा हिशोब तारखांवरच चालतो. काही लोक रागाने ऑर्डर घ्यायलाच नकार देतात, त्याचा काही उपयोग नाही, घराच्या दारावर चिकटवून पंचनामा करतात आणि बजावली असंच धरतात.

एक फरक आधी समजून घ्या. कंट्रोलला (नियंत्रण कक्षाला) किंवा मुख्यालयाला अटॅच केलंय म्हणजे सस्पेंड नाही, तेव्हा पगार पूर्ण मिळतो, फक्त पोलीस ठाण्याचं काम काढून घेतलेलं असतं. सस्पेंड म्हणजे निलंबनाची वेगळी लेखी ऑर्डर. आणि निलंबन ही शिक्षा नाही, चौकशी नीट व्हावी, साक्षीदारांवर दबाव येऊ नये म्हणून बाजूला ठेवलेलं असतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम १५ मध्ये सरळ लिहिलंय की निलंबनात पोलिसाचे अधिकार थांबतात पण तो पोलीसच राहतो, वरिष्ठांचा हुकूम त्याला लागू राहतो. म्हणून वर्दी घालून नाकाबंदीत उभं राहायचं नाही, ओळखपत्र दाखवून टोल चुकवायचा नाही, पण "मी आता सुटलो" म्हणून गावी निघूनही जायचं नाही.

ऑर्डरमध्ये निलंबन काळातलं मुख्यालय कोणतं ते लिहिलेलं असतं. हजेरी सांगितली असेल तर ती द्या, मुख्यालय सोडायचं असेल तर अर्ज देऊन परवानगी घ्या, आई दवाखान्यात असली तरी आधी अर्ज मग प्रवास, अगदीच घाई असेल तर ईमेल तरी टाका. मूळ कसूर किरकोळ असतो आणि नंतर "विनापरवाना गैरहजर" हा दुसरा कसूर त्यावर चढतो, आणि चौकशीत तोच जड जातो. मुद्देमाल, केस डायरी, शस्त्र जे काही तुमच्या ताब्यात असेल ते यादी करून जमा करा आणि पोच घ्या. पोच नसेल तर जमा केलंच नाही असं समजा.

आता पैशाचं, कारण घरच्यांची झोप यानेच उडते. निलंबनात निर्वाह भत्ता मिळतो, तो कोणाची मेहरबानी नाही, १९८१ च्या महाराष्ट्र नागरी सेवा नियमांत नियम ६८ मध्ये आहे. पहिले ३ महिने साधारण अर्धा पगार आणि त्या रकमेवरचा महागाई भत्ता. समजा मूळ वेतन ३४,००० आहे, तर १७,००० आणि त्यावर डीए. ३ महिने उलटले आणि उशीर तुमच्यामुळे झालेला नसेल तर हाच भत्ता अर्ध्याने वाढवता येतो, म्हणजे २५,५०० पर्यंत. उलट तुम्हीच चौकशीला तारखा मागत राहिलात तर तो कमीही करता येतो. वाढ आपोआप होईल या भरवशावर बसू नका, तिसरा महिना संपला की आस्थापना शाखेत अर्ज द्या.

भत्त्यासाठी दर महिन्याला एक प्रमाणपत्र लागतं. मजकूर साधा ठेवा: "मी दि. ... पासून निलंबित असून माहे ... मध्ये कोठेही खाजगी नोकरी, धंदा अथवा व्यवसाय केलेला नाही." खाली सही, बक्कल नंबर, तारीख, आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का. हे दिलं नाही म्हणून भत्ता अडकतो आणि लोक साहेबांच्या नावाने बोटं मोडत बसतात. पण प्रमाणपत्र देऊनही भत्ता येत नसेल तर लेखी तक्रार करा, कारण भत्ता न देता चालवलेली विभागीय चौकशी सुप्रीम कोर्टाने १९९९ च्या पॉल अँथनी प्रकरणात रद्द ठरवली आहे. पोलीस पतसंस्थेचा हप्ता असेल तर थकायच्या आधी तिथेही जाऊन बोला.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे ९० दिवस. अजयकुमार चौधरी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १६ फेब्रुवारी २०१५ ला सांगितलं की ३ महिन्यांत दोषारोपपत्र, म्हणजे तुमच्यावरच्या आरोपांचा लेखी कागद, दिलं नाही तर निलंबन त्यापुढे चालू नये, आणि दिलं असेल तर मुदत वाढवताना कारणं लिहून ऑर्डर काढावी. त्याला धरून राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने ९ जुलै २०१९ ला शासन निर्णय काढला. म्हणून ८०व्या दिवसाच्या आसपास निलंबन मागे घ्यावं असा अर्ज तयार ठेवा, ९० झाले की निकाल आणि शासन निर्णय दोन्ही जोडून द्या, भाषा नम्र ठेवा, कोणावरही आरोप करू नका. लाचेचं किंवा गंभीर गुन्ह्याचं प्रकरण असेल तर मामला लांबतो, पण निलंबनाचा आढावा मागायचा हक्क तिथेही आहेच. मला मनापासून वाटतं की ही मुदत पाळली गेलीच पाहिजे, निर्दोष शिपायासाठी तर हवीच पण ज्या माणसाने पोलिसाविरुद्ध तक्रार केली तोही निकालाकडेच डोळे लावून असतो, वर्षभर नुसतं सस्पेंड ठेवून त्यालाही न्याय मिळत नाही.

अर्जावर काहीच झालं नाही तर मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहे. आधी खात्यातला मार्ग वापरला हे दाखवावं लागतं, आणि साधारण १ वर्षाची मुदत असते, ती जाऊ देऊ नका.

चौकशी सुरू झाली की दोषारोपपत्रासोबत कागदपत्रांची आणि साक्षीदारांची यादी येते, यादीतल्या प्रती मागून घ्या आणि त्या मिळाल्याशिवाय घाईत उत्तर देऊ नका. स्टेशन डायरीची नोंद, ड्युटी रजिस्टर, सीसीटीव्ही यातलं जे तुमच्या बाजूचं असेल ते पहिल्याच आठवड्यात लेखी मागा, फुटेज थोड्याच दिवसांत पुसलं जातं. फौजदारी गुन्हाही असेल तर तिथल्या वकिलाला दाखवल्याशिवाय चौकशीत जबाब देऊ नका, दोन्हीकडे एकच गोष्ट दोन तऱ्हेने सांगितली तर दोन्हीकडे अडकता. तक्रारदाराला फोन करायचा नाही, मित्रालाही करायला लावायचा नाही. आणि फेसबुकवर व्हिडिओ टाकून साहेबांची पोलखोल तर अजिबात नको, वर्तणूक नियमांत नवीन केस तयार होते.

कामावर परत घेतल्याची ऑर्डर आली की आनंदात एक गोष्ट राहून जाते, निलंबनाचा काळ कसा धरायचा ते अजून ठरायचं असतं. नियम ७२ खाली त्याचा वेगळा निर्णय होतो, पूर्ण पगार द्यायचा नसेल तर आधी नोटीस येते, तिला मुदतीत मुद्देसूद उत्तर द्या, तो काळ रजेत धरून हवा असेल तर तसं स्पष्ट लिहा, आणि सेवापुस्तकात शेवटी काय नोंद झाली ते स्वतः जाऊन बघा.