अ‍ॅस्ट्रोसॅटवरील वायुभरित क्ष-किरण शोधकांचे अंशशोधन

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेले ‘लॅक्सपीसी’ हे उपकरण २८ सप्टेंबर २०१५ रोजी अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय खगोल-वेधशाळा उपग्रहाबरोबर अवकाशात गेले. त्यातील तीन प्रपोर्शनल काउंटरांत (क्ष-किरणाच्या ऊर्जेच्या प्रमाणात संकेत देणाऱ्या वायुभरित शोधकांत) मुख्यतः झेनॉन आणि थोडा मिथेन असे मिश्रण सुमारे दोन वातावरण इतक्या दाबाने भरले होते, आणि ३ ते ८० किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे क्ष-किरण टिपणे हे त्यांचे काम होते. असा शोधक थेट ऊर्जा सांगत नाही, केवळ चॅनेल क्रमांक, म्हणजे संकेताच्या आकाराचा क्रमांकित गट, देतो. त्या दोहोंतील नाते अंशशोधनातून ठरवावे लागते.

उड्डाणापूर्वी लोह-५५ (५.९), कॅडमियम-१०९ (२२) आणि अमेरिशियम-२४१ (५९.६ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट) या किरणोत्सारी स्रोतांची शिखरे, म्हणजे सर्वाधिक नोंदी पडतात ते चॅनेल, नोंदवावीत. त्यांतून सरळ रेषा ओढण्याचा मोह टाळून वर्गपदही (नात्यातील किंचित वक्रता) विचारात घ्यावे. अमेरिशियमच्या वर्णपटात ३० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास दिसणारे दुसरे शिखर नवख्याला बिघाड वाटते. प्रत्यक्षात ३४.६ च्या वरचा किरण झेनॉनच्या अणूतील सर्वांत आतला इलेक्ट्रॉन उडवतो, तेव्हा सुमारे ३० ऊर्जेचा प्रतिदीप्त किरण निर्माण होऊन कधीकधी निसटतो. त्यामुळे हे शिखर म्हणजे फुकट मिळालेला अंशशोधनाचा बिंदूच होय. तो किरण शेजारच्या धनाग्राजवळ (संकेत गोळा करणाऱ्या धनभारित तारेजवळ) शोषला गेल्यास एकाच क्षणी दोन संकेत येतात आणि त्यांची बेरीज करावी लागते.

कक्षेत गेल्यावर स्रोत हाताने ठेवता येत नाही, म्हणून कडेच्या, नको असलेल्या घटना (शोधकातील नोंदी) वगळण्यासाठी बसवलेल्या धनाग्रापाशी अमेरिशियमचा कायमचा स्रोत ठेवलेला असतो. त्याच्या शिखराच्या जागेबरोबर रुंदीही न चुकता नोंदवावी, कारण केवळ जागेवरून कारण कळत नाही. वायू गळून घनता घटली, तर इलेक्ट्रॉनांना दोन टकरींच्या दरम्यान अधिक ऊर्जा मिळून गेन (संकेत किती पट वाढतो ते प्रमाण) वाढतो आणि शिखर वरच्या चॅनेलकडे सरकते. ऑक्सिजनसारखी अशुद्धी इलेक्ट्रॉन गिळू लागली, तर शिखर खाली येते व पसरते. अशा वेळी वायुशुद्धीकरण यंत्रणा चालवावी.

तीनपैकी एका शोधकातून कक्षेत खरोखरच वायू गळत होता. उच्च विद्युत्‌दाब कमी करून शिखर जागेवर आणता येते, मात्र गेलेला वायू परत येत नाही. उरलेला विरळ वायू उच्च ऊर्जेचे किरण कमी प्रमाणात अडवत असल्यामुळे त्या त्या तारखेच्या घनतेनुसार प्रतिसाद-सारणी (कोणत्या ऊर्जेचे किरण कोणत्या चॅनेलमध्ये किती नोंदले जातात हे सांगणारी) संगणकीय प्रतिरूपाने नव्याने काढावी. शिखर जुळले म्हणून जुनीच सारणी वापरणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

अखेरीस क्रॅब तेजोमेघाचे, म्हणजे क्ष-किरणांत तुलनेसाठी प्रमाण मानल्या जाणाऱ्या स्रोताचे, निरीक्षण करावे. रिकाम्या आकाशावरून घेतलेली पार्श्वभूमी वजा करून आणि प्रत्येक घटनेनंतरच्या सुमारे ४२ मायक्रोसेकंदांच्या मृतकाळाची (शोधक नवी घटना नोंदवू शकत नाही त्या काळाची) दुरुस्ती करून उरलेला वर्णपट २.१ च्या आसपास घातांक असलेल्या घात-नियमाशी (ऊर्जेच्या ठरावीक घाताने तीव्रता घटते या नियमाशी) ताडून पाहावा. मात्र २००८ ते २०१० दरम्यान क्रॅबचे क्ष-किरण तेजही सुमारे ७ टक्क्यांनी उतरले होते. त्यामुळे काही टक्क्यांची तफावत दिसताच शोधकाच्या परिणामकारक (प्रत्यक्ष किरण टिपणाऱ्या) क्षेत्रफळाचा आकडा बदलू नये, आधी त्याच काळातील अन्य उपग्रहांची मापने पाहावीत.