बाटली बदलली तरी दुधी का मरत नाही? सोयाबीनमध्ये तणनाशकाचा गट बदला

बार्शी, अक्कलकोट, उत्तर सोलापूरकडे सोयाबीन तीन आठवड्यांचे झाले की इमॅझेथापायर हे तणनाशक मारायचे, ही वहिवाटच झाली आहे. दरवर्षी तेच औषध पडले की त्याला दाद न देणारी मोजकी झाडे तगतात, बी टाकतात आणि काही हंगामांत रान त्यांचेच होते.

आधी खात्री करा. तण पट्ट्यापट्ट्याने राहिले असेल तर नोझल किंवा चाल चुकली. सगळीच तणे तगली तर डोस, गढूळ पाणी किंवा फवारणीमागोमाग आलेला पाऊस. बाकीची तणे मेली, पण दुधी या रुंद पानांच्या तणाची काही झाडे जळाली आणि शेजारची तेवढ्याच उंचीची हिरवीगार राहिली, तर मात्र प्रतिकाराचा संशय घ्या. त्या झाडांचे बी आणि कधीच फवारा न पडलेल्या बांधावरचे बी वेगवेगळ्या ट्रेमध्ये उगवा. दोन-तीन पानांवर शिफारशीचाच डोस मारून तीन आठवड्यांनी दोन्ही ताडून पाहा.

घोळ होतो तो पुढे. इमॅझेथापायर, इमॅझामॉक्स, क्लोरीम्युरॉन आणि डायक्लोसुलम ही नावे चार, पण गट एकच. तणाच्या एकाच विकरावर (एन्झाइमवर) चारही काम करतात, म्हणून एकाला सरावलेले तण बहुधा दुसऱ्यालाही पचवते. इमॅझेथापायरमध्ये क्विझालोफॉप मिसळले तरी दुधी, कुंजरू अशा रुंद पानांच्या तणांवर मारा एकाच औषधाचा राहतो, कारण क्विझालोफॉप फक्त गवतवर्गीय तणे मारते.

म्हणून गटच बदला. पेरणीनंतर 48 तासांच्या आत, उगवणीपूर्वी, ओलसर जमिनीवर पेंडीमेथालीन 38.7 टक्के एकरी 700 मिली फवारा. ढेकळे असतील तर औषधाचा थर तुटतो आणि तिथूनच तण वर येते, तेव्हा वखराची शेवटची पाळी बारीक घाला. पुढे तण दोन ते चार पानांवर असताना फोमेसाफेन 11.1 टक्के + फ्लुअझिफॉप 11.1 टक्के हे तयार मिश्रण एकरी 400 मिली. फोमेसाफेन जिथे पडते तिथेच जाळते, त्यामुळे तण नीट भिजलेच पाहिजे. सोयाबीनच्या पानांवर करपल्यासारखे ठिपके येतील, पण नवी पाने स्वच्छ फुटतात. तुरीचे आंतरपीक असेल तर औषध दोन्ही पिकांना चालते का, हे लेबलवर बघूनच घ्या.

डोस पंपावर नाही, एकरावर ठरतो. साध्या पाण्याने मोजा: एकराला 15 लिटरचे 13 पंप लागले तर 400 मिलीचे पंपाला सुमारे 30 मिली, आठच लागले तर 50 मिली. पंख्यासारखा फवारा देणारे फ्लॅट फॅन नोझल वापरा.

वाफसा येताच पहिली कोळपणी 20 दिवसांच्या आसपास, दुसरी 30-35 दिवसांनी. केना या तणाला मात्र कोळपे पुरत नाही. ओल्या रानात त्याच्या खोडाचा प्रत्येक पेरा मूळ धरतो, आणि जमिनीखालच्या पांढऱ्या फुटव्यांवरही त्याला फुले येऊन बी धरते. मुळासकट उपटून रानाबाहेर न्या, बांधावर टाकू नका.

सोयाबीननंतर रब्बी ज्वारी घेणार असाल तर इमॅझेथापायरचा जमिनीतला अंश तिला बाधू शकतो. अशा रानात हरभरा बरा.

तगलेली दुधी फुलण्याआधी हाताने काढा. तिचे बोंड वाळले की तडकून बी लांब उडते. मळणी यंत्र दुसऱ्याच्या रानातून आले असेल तर आपल्या खळ्यावर घेण्याआधी चाळण्या झाडून घ्या.