बोर्डिंग पासवर ‘एसएसएसएस’ आलं तर काय करायचं

अमेरिकेला जाताना ऑनलाइन चेक-इन अडलं आणि ‘काउंटरवर या’ असा निरोप आला, तर पासवर ओळीने चार एस छापलेले मिळू शकतात. म्हणजे जादा तपासणीसाठी तुमची निवड झाली आहे. काउंटरवर वाद घालू नका. निवड तिथल्या माणसाने केलेली नसते आणि ती रद्द करणंही त्याच्या हातात नसतं. पास घ्या, इमिग्रेशन आणि नेहमीची तपासणी उरका.

मग सरळ गेटवर. अमेरिकेबाहेरच्या विमानतळांवर ही तपासणी बहुधा गेटपाशीच होते. ‘शेवटी गेलात की घाईत सोडून देतात’ हा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. कोणी सोडत नाही, विमान मात्र चुकतं.

मला सुरुवातीला खरा त्रास व्हायचा तो बॅग उघडण्याच्या वेळी. हातातली बॅग तळापर्यंत रिकामी करतात. त्यामुळे वायरी, चार्जर, औषधं वेगवेगळ्या पारदर्शक पिशव्यांत ठेवा. कोंबून भरलेली बॅग तपासायला आणि पुन्हा भरायला सारखाच वेळ खाते. हात, बूट, लॅपटॉप यांवरून छोटी पट्टी पुसून यंत्रात घालतात. यंत्र स्फोटकांचे अंश शोधतं, पण हँड क्रीममधल्या ग्लिसरीनमुळेही ते कधी कधी वाजतं. म्हणून त्या दिवशी क्रीम लावूच नका. वाजलंच तर शांत उभे राहा आणि विचारलं तेवढंच सांगा. न विचारता दिलेल्या खुलाशाने प्रश्न वाढतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

फोन आणि लॅपटॉप चार्ज केलेले हवेत. काही विमानतळांवर 2014 पासून ते चालू करून दाखवायला सांगतात, आणि सुरू न होणारं उपकरण विमानात नेऊ देत नाहीत.

अंगझडती आपल्याच लिंगाच्या कर्मचाऱ्याकडून होते. चारचौघांत नको असेल तर आडोशाची खोली मागा, अजिबात संकोच करू नका. अमेरिकेतल्या विमानतळांवर सोबतीचा माणूसही आत नेता येतो.

तपासणीनंतर पासवर शिक्का मारत असतील तर तो घेतल्याशिवाय हलू नका.

दर खेपेला असं होत असेल तर नाव संशयितांच्या यादीतल्या कुणाशी जुळत असण्याची शक्यता असते. अमेरिकी गृहसुरक्षा खात्याच्या ‘डीएचएस ट्रिप’ या तक्रार-निवारण सेवेकडे अर्ज करा, फी लागत नाही. तिथून मिळणारा रिड्रेस नंबर यापुढे प्रत्येक तिकिटाच्या बुकिंगमध्ये भरा. आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा, अक्षरन् अक्षर.