लॅपटॉपसाठी बाहेरचा डीव्हीडी रायटर घेताना

नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, आणि लग्नाच्या जुन्या डीव्हीडी कपाटात पडून असतात. इंदूरला जेल रोडवर रायटर घ्यायला जाताना लॅपटॉप आणि एक कोरी डीव्हीडी-आर (एकदाच लिहिता येणारी डिस्क) सोबत न्या.

१. आधी वायर बघा. रायटरच्याच पोटात गुंडाळलेली आखूड वायर वळणाशीच तुटते आणि मग अख्खा रायटर बाद. वायर वेगळी निघणारा घ्या.

२. खोक्यावरच्या ‘यूएसबी ३.०’साठी जास्त पैसे मोजू नका. ८एक्सने (डीव्हीडीच्या मूळ वेगाच्या आठपट) डीव्हीडी लिहायला सेकंदाला साधारण ११ एमबी लागतात, ते यूएसबी २.० आरामात पुरवतं. ब्लू-रे (डीव्हीडीपेक्षा जास्त मावणाऱ्या डिस्कचा) रायटर घेणार असाल तर गोष्ट वेगळी.

३. दुकानातच डिस्क लिहून बघा. वाचताना ठीक चालणारा रायटर लिहिताना अडतो, कारण लेझरला तेव्हा जास्त करंट लागतो आणि यूएसबी २.० पोर्टची हमी ५०० मिलिअँपिअरचीच. दोन यूएसबी टोकांची वायर असेल तर दोन्ही लावा. डिस्क मधल्या खुंटीवर ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबायची, नाहीतर ती फिरताना घासते.

४. टीव्हीच्या प्लेअरवर चालवायची असेल तर विंडोजमध्ये ‘सीडी/डीव्हीडी प्लेअरसाठी’ हाच पर्याय निवडा. पेन ड्राइव्हसारखा पर्याय निवडला तर जुने प्लेअर बहुधा ओळखत नाहीत.

रायटर हबला (एका यूएसबी पोर्टचे अनेक करणाऱ्या जोडणीला) लावू नका, थेट लॅपटॉपला लावा. मध्येच वीज कमी पडली की डीव्हीडी-आर वाया, ती पुन्हा लिहिता येत नाही.